पंधरा मिनिटांची खीर

माझी भाची लंडनला असते. डिसेंबरातल्या एका रविवारी भर दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला. "मावशी, तू पंधरा मिनिटं लिहिलंयस गं! प्रिपरेशन टाइम पंधरा मिनिटं, कुकिंग टाइम चाळीस मिनिटं. आणि साहित्यात चौथ्या ओळीत म्हणतेस, भिजवलेले गहू दोन वाट्या. भिजवलेले म्हणजे कधी भिजवलेले?"

चूक माझीच होती. तिने माझ्या सासूबाईंची गव्हाची खीर इंग्रजीत लिहून मागितली होती. मराठी ती छान बोलते, पण वाचायला तिला वेळ लागतो. शिवाय तिच्या मैत्रिणींत गुजराती आहेत, तमिळ आहेत. मी बी. ए. झालेली. मासिकांतल्या पाककृती पाहिल्या आणि त्याच थाटात लिहून टाकलं. वर दोन ओळी वेळेच्या, मग साहित्य, मग कृती. दिसायला कसं नीटस दिसत होतं. पंधरा मिनिटं कुठून आली म्हणाल, तर गूळ चिरायला, खोबरं किसायला आणि वेलदोडे कुटायला मला जेवढी लागतात तेवढी. गहू सडायला, पाखडायला आणि भिजायला लागणारा वेळ माझ्या हिशेबात आलाच नाही, कारण आमच्या घरात तो वेळ कधी कुणी मोजलाच नव्हता.

त्या दिवशी तिच्याकडे आपल्या भागातली दहा-बारा माणसं जेवायला होती. त्यात एका मैत्रिणीच्या सासूबाई होत्या, कोल्हापूरकडच्या, मुलाकडे आलेल्या. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेणाऱ्या. लंडनला डिसेंबरात सूर्य चार वाजायच्या आधी मावळतो. आपल्याकडे नेमाने चालणारी माणसं सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच जेवण आवरतात, म्हणजे ताटं तीनच्या सुमाराला उचलायला हवीत. भाचीने गरम पाण्यात गहू भिजवले, कुकर लावला, पुन्हा लावला. खीर झाली साडेपाचला. बाहेर काळोख. आजींनी बाकीचं जेवण वेळेत केलं होतं, पण ज्या खिरीसाठी म्हणून त्या आल्या होत्या ती त्यांनी नुसती पाहिली. "बाळ, वासानंच पोट भरलं," म्हणाल्या. भाचीला ते जास्तच लागलं आणि ऐकून मलाही.

त्या रात्री मी सासूबाईंची वही काढून बसले. त्यांच्या वहीत वेळ कुठे आणि कशी लिहिली आहे ते पाहावं म्हटलं.

वहीत मिनिट हा शब्द जवळजवळ नाहीच. गव्हाच्या खिरीचं पान असं आहे: आदल्या दिवशी खपली गहू ओलवून उखळात सडावेत, पाखडून सावलीत पसरावेत. बस्तीला जाताना उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजत घालावेत. चातुर्मासात शास्त्र ऐकून आल्यावर शिजत लावावेत. बोटाने दाणा चिरडला की मगच गूळ. इतर पानांवर "ऊन ओसरीवर आले की", "भोंगा झाला की", "धारवाडच्या बातम्या लागल्या की" असं आहे. सासूबाई निपाणीजवळच्या खेड्यातल्या. माहेरी कन्नड, सासरी मराठी. रेडिओवर धारवाडही लागे आणि सांगलीही. त्यांच्या दृष्टीने हे सगळे आकडेच होते. बस्तीतून घरी यायला किती वेळ लागतो हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तेव्हा वेळ लिहिलेली होती, नक्की होती, पण ती गावाला बांधलेली होती. मी ती इंग्रजीत नेताना बस्ती गळली, ओसरी गळली, भोंगा गळला आणि हातात उरली पंधरा मिनिटं.

आपल्या लोकांना वेळ मोजता येत नव्हती असं मात्र कुणी समजू नये. जुन्या मोजणीत दिवस-रात्र मिळून साठ घटका. एक घटका २४ मिनिटांची. घटकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. अडीच घटकांचा एक तास, तीन तासांचा एक प्रहर. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. लग्नघटिका हा शब्द त्यावरूनच आला. तास हा शब्द फारसीतून आलेला. मूळ अर्थ धातूचं भांडं किंवा टोल द्यायची थाळी. म्हणून आपल्याकडे अजून चार "वाजतात". कन्नडमध्ये गंटे म्हणजे घंटा आणि गंटे म्हणजे तासही. आमच्या सीमाभागात एकाच घरात दोन्ही शब्द चालतात आणि दोन्ही भाषांत वेळ ही ऐकू येणारी गोष्ट आहे.

पुढे गंमत अशी झाली की हे नेमके शब्द वापरून वापरून सैल पडले. "घटकाभर टेक" म्हणतो तेव्हा आपल्या मनात २४ मिनिटं नसतात. "पळभर थांब" म्हणताना २४ सेकंद नसतात. नंतर इंग्रजांचं मिनिट आलं, तेही आपण त्याच वाटेने नेलं. "एक मिनिट हं" म्हणून गेलेली बाई किती वेळाने येते हे काय सांगायला हवं? म्हणूनच पाककृतीत "पाच मिनिटे परता" असं लिहिताना हात थोडा थांबवावा. हे घड्याळाचं पाच मिनिट आहे की बोलण्यातलं, ते लिहिणारीला माहीत असतं, वाचणारीला नसतं.

घटका आणि मुहूर्त जिथे आजही जसेच्या तसे टिकले आहेत अशी एक जागा आपल्या घरात आहे, ती म्हणजे चौका. मुनिमहाराजांच्या किंवा माताजींच्या आहारासाठी ज्यांनी चौका लावला आहे त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटं. उकळलेल्या पाण्याची २४ तास. दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवायला हवं. वरण, भात, कढी दोन प्रहर, म्हणजे ६ तास. चपाती चार प्रहर, १२ तास. पिठाची मर्यादा ऋतूप्रमाणे बदलते: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. हवेत ओल जितकी जास्त तितकं पीठ लवकर बिघडतं, हे त्यामागचं साधं निरीक्षण. मुहूर्ताचं मापसुद्धा शास्त्रात मोजून दिलं आहे. सात श्वासोच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, ७७ लवांचा एक मुहूर्त. गुणाकार करून पाहा, ३७७३ येतात. ४८ मिनिटांत एवढे म्हणजे मिनिटाला साधारण ७९. श्वासापेक्षा नाडीच्या ठोक्यांशी जास्त जुळणारा आकडा.

ज्या समाजाने पिठाला, पाण्याला आणि दुधाला वेळ लावून दिली, त्या समाजातली मी. आणि मीच खिरीवर पंधरा मिनिटं लिहिली. म्हणून मला हा विषय नुसता लिहिण्याच्या शैलीचा वाटत नाही.

आता पुस्तकांकडे येते. आपल्या मुलखाजवळचा सगळ्यात प्रसिद्ध जुना ग्रंथ म्हणजे बाराव्या शतकातला मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यात राजाच्या जेवणाचा भाग आहे. मंडक येतो, जो आपल्या बेळगावच्या मांड्यांचा पूर्वज. त्यानंतर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मंगरस तिसरा या जैन कवीने कन्नडमध्ये सूपशास्त्र लिहिलं, तेही पद्यात. असले ग्रंथ चूल पेटवता येणाऱ्या माणसासाठीच लिहिलेले. लाकडाचा जाळ कधी मोठा, कधी मंद. ओल्या लाकडावर अर्धा तास आणि सुक्या लाकडावर अर्धा तास यात काय साम्य? तिथे वेळेपेक्षा खूण खरी. रंग आला, वास सुटला, तार आली, तूप सुटलं. या खुणा आपल्याला आजही लागतात आणि गॅस आला म्हणून त्या टाकून देण्याचं कारण नाही.

युरोपातही घड्याळ स्वयंपाकघरात येण्याआधी असंच होतं. तिथल्या जुन्या पाककृतींत अमुक प्रार्थना म्हणून होईपर्यंत उकळा, असं लिहिलेलं सापडतं. हे वाचलं तेव्हा मला आपले नऊ णमोकार आठवले. नऊ णमोकार म्हणजे सत्तावीस श्वासोच्छ्वास, असा आपल्याकडे कायोत्सर्गाचा हिशेब आहे. माझी आजी शेवया पाण्यात सोडून ओठ हलवत उभी राही. लहानपणी वाटायचं, ही देवाचं म्हणते. ती देवाचंही म्हणत होती आणि शेवयाही मोजत होती.

इंग्रजी पाककृतीत वेळ वेगळी काढून लिहायची पद्धत एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. १८४५ साली एलायझा ॲक्टन या बाईंनी आपल्या पुस्तकात कृतीच्या शेवटी साहित्य आणि लागणारा वेळ थोडक्यात वेगळा द्यायला सुरुवात केली. १८६१ साली इझाबेला बीटनबाईंचं घरव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात साहित्य वर आलं आणि वेळ, खर्च, किती जणांना पुरेल, कोणत्या ऋतूत मिळेल, अशा ओळी ठरून गेल्या. बीटनबाई मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकळायला सांगतात. आपल्यात कंदमुळं वर्ज्य, त्यामुळे आपल्याला त्या गाजरांचं सुखदुःख नाही. पण त्यांची वेळेची ओळ नीट बघण्यासारखी आहे. ती बहुतेक ठिकाणी विस्तवावरची वेळ आहे. सोलणं, चिरणं, कुटणं, चाळणं यांची वेळ नाही. का नाही? कारण ज्या घरांसाठी ते पुस्तक होतं तिथे ही कामं मोलकरणी करीत. ज्याची मजुरी स्वस्त त्याचा वेळ कागदावर येत नाही.

मराठीत छापील पाकशास्त्र आलं ते १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं सूपशास्त्र. नाव तेच, मंगरसाचं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया आलं. बाईने बाईसाठी लिहिलेलं आणि घराघरांत गेलेलं. मधल्या काळात, १८९९ मध्ये, आपल्या निपाणीजवळच्या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. शिक्षण हा तिचा मोठा विषय. आपल्याकडच्या बायकांच्या हातात वही-पेन्सिल आली ती त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत. सासूबाईंची वही त्याच वाटेवरची. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची रुचिरा आली आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर रुळलं. शेर, तोळे, मासे मागे पडले. माप नवख्या मुलीच्या हातात आलं, ही फार मोठी सोय झाली.

वेळेचं मात्र तसं एक माप ठरलं नाही. त्याच सुमाराला कुकर आला आणि आपण नवीन घटका शोधून काढली, शिट्टी. "तीन शिट्ट्या" हे आज आपल्या देशातलं सगळ्यात लोकप्रिय वेळेचं माप असेल. पण शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर वीस मिनिटांतही होत नाहीत. छोट्या कुकरची शिट्टी वेगळी, मोठ्याची वेगळी. काही कुकरांना शिट्टीच नसते. पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून इतकी मिनिटं, असं लिहिलं तर ते लंडनलाही कळतं आणि लोंढ्यालाही. आणखी एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचावर आहे. इथे पाणी शंभर अंशांच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला मुंबईपेक्षा इथे थोडा जास्त वेळ लागतो तो त्यामुळे. मुंबईहून सून होऊन आलेल्या मुलीला "तुला डाळ शिजवता येत नाही" म्हणण्याआधी हेही लक्षात घ्यावं.

प्रिपरेशन टाइम आणि कुकिंग टाइम ही जोडी नंतर मासिकांतून आणि मसाल्यांच्या पाकिटांवरून आपल्याकडे आली. घरातली बाईच चिरणारी आणि तीच नोकरीला जाणारी झाली, तेव्हा हाताचा वेळ कागदावर यायला लागला, हे चांगलंच झालं. पण त्यात एक पळवाट राहिली. काम कृतीतून काढून साहित्याच्या यादीत ढकलायचं. "किसलेला नारळ एक", "सोललेले वाल दोन वाट्या", "भिजवलेले गहू दोन वाट्या". आता वाल काय आपोआप सोलून येतात? दोन वाट्या वाल सोलायला बसा म्हणजे कळेल. वर लिहिलेली दहा मिनिटं खरी ठरतात ती, आधीचा तास यादीत लपवल्यामुळे. मी नेमकं हेच केलं होतं. आणि जिचा वेळ लपला ती सासूबाई, जिने आदल्या दिवशी उखळापाशी दुपार घालवलेली.

मग वेळ लिहायची तरी कशी? भाचीच्या फोननंतर मी बरीच खाडाखोड केली. त्यातून जे कळलं ते सांगते, कारण हल्ली आपल्यातल्या कितीतरी जणी बेंगळुरूच्या सुनेसाठी, पुण्याच्या मुलीसाठी, अमेरिकेतल्या नातवंडांसाठी इंग्रजीत लिहीत असतात.

पहिली गोष्ट, वेळ चार प्रकारची असते आणि ती चार ओळींत लिहावी. हाताचा वेळ, म्हणजे बाई उभी राहून काम करते तो. थांबायचा वेळ, म्हणजे भिजणं, मुरणं, फुगणं. यात बाई मोकळी असते पण घरातून हलता येईलच असं नाही. विस्तवावरचा वेळ. आणि चौथा आपला, मर्यादेचा: झाल्यावर किती वेळात खायचं. पहिल्या तिघांची बेरीज करून एकूण वेळ सगळ्यात वर लिहावी. वाचणारी आधी तीच ओळ बघते.

दुसरी गोष्ट, ओव्हरनाइट हा शब्द शक्यतो लिहू नये. आपल्याकडे रात्र लहान-मोठी होते ती दीड-दोन तासांनी. लंडनला डिसेंबरातली रात्र सोळा तासांची, जूनमधली साडेसात तासांच्या आतली. सोळा तास भिजलेला गहू आंबेल आणि सात तासांत खपलीचा दाणा कदाचित कच्चा राहील. शिवाय नेमाने राहणाऱ्या घरात रात्रभर काही भिजत ठेवायचंच नसतं. त्यापेक्षा "आठ तास" लिहावं आणि सुरुवात सकाळची सांगावी.

तिसरी गोष्ट प्रत्ययांची. मराठीत "अर्धा तास", "अर्ध्या तासात" आणि "अर्ध्या तासाने" हे तीन वेगळे अर्थ आहेत. अर्धा तास शिजवा, अर्ध्या तासात संपवा, अर्ध्या तासाने गूळ घाला. एका अक्षराचा फरक, पण गोंधळ नाही. इंग्रजीत "इन हाफ ॲन अवर" म्हटलं की ते अर्ध्या तासातही होतं आणि अर्ध्या तासानेही. गूळ आधी पडला तर गहू पुढे शिजत नाही, दाणा टचटचीत राहतो. म्हणून तिथे "आफ्टर" लिहावं, आणि आतच हवं असेल तर "विदिन". उलट एका जागी आपली मराठी ढिली आहे. "चारपर्यंत शिजू दे" आणि "चारपर्यंत आण" यात आपण एकच "पर्यंत" वापरतो. इंग्रजीत पहिल्याला "टिल" आणि दुसऱ्याला "बाय". आपल्या बायका दोन्हीकडे "टिल" लिहितात. "कुक टिल थ्री" वाचून एखादी मुलगी तीन वाजेपर्यंत खीर ढवळत बसेल, आणि आपल्याला म्हणायचं होतं, तीनच्या आत खाली उतरव.

चौथी गोष्ट, आठ दिवस. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा, हे आपल्याला कळतं. पण तेच शब्दशः "एट डेज" करून पाठवलं तर हिवाळ्यातल्या पिठाची सात दिवसांची मर्यादा एका दिवसाने मोडते. असं पत्र लिहून मी मोकळी झालेली आहे, म्हणून सांगते. दिवस मोजूनच लिहावेत.

आणि शेवटची, वेळेसोबत खूण लिहावी. "४० मिनिटं, किंवा दाणा बोटाने चिरडेपर्यंत." तिचा गॅस, तिचं पाणी, तिचा गहू आपल्यासारखा असेलच असं नाही. मिनिटं चुकली तरी खुणेवर तिला निभावता येतं.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? मर्यादा वगैरे आता कोण पाळतं? तर २०२० च्या ऑक्टोबरपासून सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने मिठाईच्या दुकानांना सुट्या मिठाईवरसुद्धा, ती कधीपर्यंत खावी, ही तारीख लावायला सांगितली. कुंद्याच्या परातीजवळ तारखेची पाटी पाहिली तेव्हा मला सासूबाईंचं कपाट आठवलं. त्यांच्या पिठाच्या डब्यावर खडूने दळण आणल्याचा वार लिहिलेला असे. आम्ही सुना मनात हसायचो. डब्यावर वार लिहिणारी ती बाई शाळा चौथीपर्यंत शिकली होती.

तर मी खिरीचं पान पुन्हा लिहिलं. हाताचं काम ४५ मिनिटं, गहू सडलेले विकत मिळाले तर. भिजायला ४ तास, उकळून कोमट केलेल्या पाण्यात. शिजायला पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ४० मिनिटं, दाणा चिरडेपर्यंत. त्यानंतर गूळ घालून २० मिनिटं. एकूण पावणेसहा तास. झाल्यापासून ६ तासांच्या आत आणि सूर्यास्ताच्या आधी खावी. खाली एक ओळ जोडली: तीन वाजता वाढायची असेल तर सव्वानऊला सुरुवात करावी. लंडनला डिसेंबरात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे सव्वानऊ बसतं. उखळाची दुपारही लिहिली, एका वाक्यात: हे काम पूर्वी घरी करत, त्याला आणखी दीड तास आणि दोन बायका लागत.

महावीर जयंतीला भाचीने पुन्हा खीर केली. तिथे तेव्हा दिवस मोठा असतो, सूर्यास्त आठच्या आसपास, त्यामुळे घाई नव्हती. त्या आजी मात्र तोपर्यंत गावी परतल्या होत्या. भाचीने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, आमच्याकडचा गहू वेगळा आहे. ४० नाही, ५५ मिनिटं लागली. तुझ्या कागदावर लिहून ठेव."

मी ते सासूबाईंच्या वहीतच लिहिलं, त्यांच्या पानाच्या समासात, लंडन असं पुढे घालून.